दोऱ्याचं झाड

सोहोनीकाका सकाळी आमच्याकडे आले की आई पोह्यांच्या बशीबरोबर आणखी एक रिकामी बशी त्यांच्यापुढे ठेवायची. ती शेंगदाण्यांसाठी. काका पोह्यांतला दाणा न् दाणा चमच्याच्या टोकानं वेचून त्या बशीत मांडत. पहिल्या ओळीत टपोरे, दुसऱ्या ओळीत बरे, तिसऱ्या ओळीत सुरकुतलेले. मांडणी झाली की चष्मा कपाळावर चढवून ओळी मोजत आणि निकाल देत.

"आठ, सहा, नऊ. ऐन दाणे भरायच्या वेळेला पाऊस गेलेला दिसतो. वाण उशिरा फुलणारा असणार. वहिनी, दुकान बदला."

आई म्हणायची, "अहो, गार होताहेत पोहे."

"पोहे पुन्हा गरम करता येतात. गेलेला पाऊस परत आणता येत नाही," असं म्हणून काका खायला सुरुवात करत. तीही तिसऱ्या ओळीपासून. सुरकुतलेले आधी का, असं मी एकदा विचारलं. "त्यांचा काय दोष?" एवढंच म्हणाले आणि एक दाणा तोंडात टाकला.

हे सगळं नव्वदीच्या दशकातलं. पुण्यात कर्वेनगरात आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी होती. घरोघरी केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले होते आणि ज्याला दुसरं काही जमत नाही तो कॉम्प्युटर शिकत होता. मी त्यातलाच. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर बुधवार पेठेतून सुटे भाग आणून मी एक कॉम्प्युटर जोडला आणि दारावर 'येथे सर्व प्रकारची संगणकीय कामे करून मिळतील' अशी पाटी लावली. सर्व प्रकारची म्हणजे बायोडेटा आणि लग्नातल्या आमंत्रणांच्या याद्या. काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहत. त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. "काय कॉम्प्युटर, आहात का घरात?" असा आवाज जिन्यातून यायचा.

काका भुईमुगाचे शास्त्रज्ञ. सोलापूरच्या पुढे एका उजाड माळावर कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र होतं, तिथं त्यांची तीस वर्षं गेली. कामाचं स्वरूप सांगायला अगदी सोपं होतं. विहीर नाही, कालवा नाही, नुसत्या पावसाच्या भरवशावर जिथं भुईमूग घेतात, तिथं झाडाकडे बघून आधीच सांगता येईल का, की याला शेंगा जास्त लागतील? उंचीवरून? फांद्यांवरून? पहिलं फूल किती दिवसांनी आलं त्यावरून? त्यासाठी प्रत्येक वाफ्यातल्या दहा झाडांना नंबर द्यायचे, रोज जाऊन बघायचं, मोजायचं, वहीत लिहायचं आणि हंगाम संपला की उपटून शेंगा मोजायच्या.

"तीस वर्षं शेंगा मोजल्यात?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही लोक क्रिकेटच्या धावा मोजता. त्या कुटात घालता येत नाहीत," काका म्हणाले.

मधली तीन वर्षं त्यांना याच कामासाठी आफ्रिकेत पाठवलं होतं, तिथल्या कोरड्या गवताळ माळांवर. सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं आणि त्याला हे कळलं, की तो डोळे मोठे करून विचारायचा, "म्हणजे सिंह वगैरे पाहिले असतील तुम्ही!"

"असतील तिथं. शेंगा खात नाहीत, त्यामुळे आमचा संबंध आला नाही."

"आणि माणसं कशी तिथली?"

"आपल्यासारखीच. पाऊस आला की हसतात."

तीस वर्षांच्या मोजमापाचं सार काकांनी तीन शब्दांत काढलं होतं. "पाला बघू नका." भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं. ते सुकलं की तिथून एक आरी निघते, बारीक दोऱ्यासारखी. ती खाली वाकते, मातीत शिरते आणि शेंग तिथं, कुणाला न दिसता धरते. त्यामुळे वरून झाड कितीही डौलदार दिसलं तरी खाली काय आहे ते उपटल्याशिवाय कळत नाही. काकांचं म्हणणं असं, की कोरड्या रानात उंच, पानाळ झाड हा नुसता देखावा. जे झाड लवकर फुलतं त्याच्या आऱ्या माती मऊ असेतो आत शिरतात आणि दाणे भरतात. उशिरा फुलणाऱ्याच्या आऱ्या कडक जमिनीवर टेकतात आणि तिथंच वाळून जातात.

हा सिद्धांत त्यांनी फक्त भुईमुगापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण काका तो सगळ्या जगाला लावायचे. रस्त्यावर काचेची नवी इमारत झाली, "पाला." टीव्हीवर मंत्री बोलायला लागले, "पाला आहे नुसता." सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी गाडी घेतली आणि सगळ्यांना पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे. उपटून बघितली पाहिजे."

माझ्या ताईला बघायला पाहुणे आले तेव्हा बाबांनी वडीलधारे म्हणून काकांनाही बोलावलं. ही चूक बाबांनी आयुष्यात एकदाच केली. मुलगा सहा फूट, गोरा, टाय लावलेला, नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीत. मुलाचे वडील त्याचा पगार तिसऱ्यांदा सांगत होते. काकांनी तोवर दाण्यांच्या तीन ओळी पूर्ण केल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मुलाला आपादमस्तक न्याहाळलं.

"उंची चांगली आहे," ते म्हणाले. "पण उंचीचा आणि उत्पन्नाचा काही संबंध नसतो. आम्ही तीस वर्षं पाहिलंय."

बाबांचा चेहरा पडला. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. आणि तो मुलगा मात्र ठसका लागेपर्यंत हसला. ताईनं पुढं मला सांगितलं, की टाय लावलेला माणूस असा हसू शकतो हे पाहिलं आणि तिनं तिथंच होकार ठरवून टाकला. काकांचं म्हणणं, मुलगा लवकर फुलला, हे लक्षण चांगलं.

गच्चीवर काकांचे रंगाचे रिकामे डबे होते, नऊ. दर पावसाळ्यात त्यांत भुईमूग. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'गच्चीवर शेती करू नये.' काकांनी त्याखाली आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ही शेती नसून प्रयोग आहे. पाहण्यास हरकत नाही. हात लावू नये. अक्कल लावल्यास चालेल.' तो फळा पुढं चार महिने कुणी पुसला नाही. दिवाळीच्या आधी काका शेंगा काढून उकडायचे आणि बारा घरांत वाटीवाटीभर पोचवायचे, सेक्रेटरींकडे सगळ्यात आधी. दर वर्षी आठ डबे रिकामे व्हायचे आणि एक तसाच राहायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या मोजण्यातून सुटला असेल.

त्यांच्या घरात भिंतीवर दोनच चौकटी होत्या. एकीत वाळवून दाबून बसवलेलं भुईमुगाचं अख्खं झाड, आऱ्या-शेंगांसकट. दुसरीत मालतीकाकूंचा काळा-पांढरा फोटो. काकू शेताच्या बांधावर बसल्यात, ओच्यात शेंगांचा ढीग, शेजारी पाटी, हातात दोऱ्याचं रीळ. मला वाटायचं, काकूंना शिवणाची आवड असावी. काका निवृत्त व्हायच्या पाच वर्षं आधी त्या गेल्या. फोटोला हार नाही, समोर दिवा नाही. काका देव मानत नसत, तेही अगदी कडकपणे. एकदा प्रिंटरची रिबन आणायला माझ्याबरोबर बुधवारात आले होते. गणपतीच्या देवळासमोर ही गर्दी. "तुम्ही जा दर्शनाला," म्हणाले, "मी चपला सांभाळतो. या गावात त्याला जास्त श्रद्धा लागते."

असे हे काका एका दुपारी माझ्या दारात उभे राहिले. हातात एक पत्र, पायाशी दोन ट्रंका.

"कॉम्प्युटर, तुमची पाटी खरी आहे का? सर्व प्रकारची कामं?"

पत्र कदमांचं होतं. कदम म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, आता त्या केंद्राचा प्रमुख. लिहिलं होतं, की केंद्राची जागा कमी झालीय, त्यामुळे काही जुने वाण यंदापासून पेरायचे नाहीत असं ठरतंय. त्यात बुटकीही आहे. बुटकी हा काकांनी स्वतः निवडून काढलेला वाण. त्याला सरकारी नंबर होता, पण काका बुटकीच म्हणत. झाड ठेंगणं, पानं चारच, दिसायला इतकं गरीब की पाहुण्यांना दाखवायची सोय नाही. पण सगळ्यांच्या आधी फुलायचं. वाण पास करणाऱ्या मोठ्या समितीनं ते 'वाढ असमाधानकारक' म्हणून नापास केलं होतं. तरी केंद्रावर दर वर्षी दोन-तीन ओळी पेरून कदमांनी ते जिवंत ठेवलं होतं. भुईमुगाचं बी फार दिवस टिकत नाही. एकदा पेरणी चुकली की संपलं. यंदा नाही पेरलं तर पोती तेलाच्या घाण्यावर जाणार होती. कदमांनी शेवटी लिहिलं होतं, 'सर, आपल्या वह्यांमधले आकडे संगणकावर तपासून, लवकर फुलण्याचा आणि उत्पन्नाचा संबंध सिद्ध करून पाठवलात तर समितीपुढे ठेवता येईल. नाहीतर आपण कळवाल तसं.'

दोन्ही ट्रंकांत वह्या होत्या. तीस वर्षांच्या.

मी तीन आठवडे ते आकडे भरत होतो. झाडाचा नंबर, फुलायचे दिवस, उंची, फांद्या, आऱ्या, भरलेल्या शेंगा, पोचट शेंगा, दाण्यांचं वजन. काका रोज संध्याकाळी येऊन माझ्यामागे उभे राहत, काही बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले, "यात आमचं सगळं आहे हो." मी मान न वळवता "हो हो" म्हणालो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

ज्या दिवशी निकाल छापला त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर टाकत होता. शेवटचं पान मी फाडून त्यांच्या हातात दिलं. लवकर फुलण्याचा आणि उत्पन्नाचा संबंध उलटा निघाला होता. जे झाड आधी फुलतं त्याला दाणे कमी.

काकांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मी वाट बघत होतो की आता "पाला" म्हणतील, कॉम्प्युटरला शिव्या घालतील, मला घालतील. ते म्हणाले, "मशीन चुकत नाही ना?"

आणि मी, बुधवार पेठेतल्या भागांतून जुळवलेल्या त्या खोक्याचा अभिमान छातीत भरून, म्हणालो, "नाही काका. मशीन कसं चुकेल?"

"हं," ते म्हणाले. कागदाच्या कडेची भोकांची पट्टी त्यांनी हळूहळू सरळ फाडून काढली, तिची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली निघून गेले.

नंतर पाच-सहा दिवस ते दिसले नाहीत. एका सकाळी आईनंच बोलावून आणलं. पोहे दिले, रिकामी बशी दिली. काका पोहे खायला लागले. दाण्यांसकट. एकही दाणा बाजूला काढला नाही. बशी संपवून "छान झालेत" म्हणाले आणि उठले. रिकामी बशी रिकामीच राहिली. आई ती हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सोहोनींना बरं नाहीये," ती मला म्हणाली. "काय केलंस तू?"

मी काही केलं नव्हतं. मी फक्त जे होतं ते मोजलं होतं. पण ती बशी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मी आत जाऊन सगळे कागद पलंगावर पसरले आणि पहिल्या वर्षापासून बघत सुटलो. तासाभरात माझ्या लक्षात आलं की मधूनमधून शून्यं आहेत. शेंगा शून्य, दाणे शून्य. दर वाफ्यात एक. दर वर्षी. आणि प्रत्येक वेळी ते झाड त्या वाफ्यात सगळ्यात आधी फुललेलं.

मी मूळ वही काढली. तिथं शून्य नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. उंची लिहिली होती, फांद्या लिहिल्या होत्या, फूल आल्याचे दिवस लिहिले होते, आणि शेंगांचा रकाना कोरा. शेवटी पेन्सिलीनं एकच शब्द, 'दोरा'. माझ्या प्रोग्रामला रिकामी जागा चालत नव्हती. म्हणून मी, कुणाला न विचारता, जिथं जिथं कोरं होतं तिथं तिथं शून्य ठोकलं होतं.

जिने दोन-दोन पायऱ्या उतरत मी खाली गेलो. काका खुर्चीत बसून होते.

"काका, हे कोरं का आहे?"

"नोंद नाही म्हणून."

"नोंद का नाही?"

"झाड उपटलं नाही म्हणून."

"मी तिथं शून्य टाकलंय! म्हणजे मशीन समजलं की त्या झाडांना शेंगाच लागल्या नाहीत. निकाल खोटा आहे, काका. माझी चूक आहे." मग मला माझाच इतका राग आला की तो मी त्यांच्यावर काढला. "पण तुम्ही तरी कसं ऐकून घेतलंत? सगळ्या जगाला सांगत फिरता, पाला बघू नका, उपटून बघा. मग माझा कागद नुसता वरून बघून मान्य केलात?"

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना असं कुणी कधी बोललं नसेल. "चूक," ते म्हणाले. "अगदी बरोबर. चूक झाली." मग एकदम उठले आणि चपला शोधायला लागले. "कॉम्प्युटर, मी परवाच कदमांना पत्र टाकलंय. बुटकी पेरू नका म्हणून."

रात्रीची सवलत सोडून भर सकाळी, पूर्ण दरात एसटीडी करणारा पुणेकर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कोपऱ्यावरच्या बूथपुढे पाच-सहा जणांची रांग होती. पहिला नंबर नागपूरहून इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या एका मुलीचा. काकांची धाप बघून ती म्हणाली, "काकाजी, तुम्ही बोलून घ्या न आधी. माझी आई कुठं पळून नाही चालली."

त्या काचेच्या खोक्यात आम्ही दोघं कसेबसे मावलो. दार लागेना, ते उघडंच राहिलं. चौथ्या प्रयत्नाला लाइन लागली, आणि ती इतकी खराब की कदमांचं ओरडणं रिसिव्हरबाहेर मलाही ऐकू येत होतं.

"सर, पत्र मिळालं आजच! पोती बाहेर काढलीत, टेम्पो उभा आहे!"

"परत आत ठेवा! निकाल चुकला आहे!" काकांनी त्यांना शून्याची भानगड सांगितली. दोनदा सांगावी लागली.

"म्हणजे ती झाडं उपटलीच नव्हती?"

"नव्हती!"

"पण सर, समिती विचारणार! दर वाफ्यात एकच झाड कोरं, आणि तेही सगळ्यात आधी फुललेलं. म्हणतील, नको ते आकडे दडवले. कारण काय लिहू?"

समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. मग काका अगदी हळू काहीतरी बोलले, मला शेजारी उभं राहून कळलं नाही.

"सर, ऐकू येत नाही!"

"मालतीनं सांगितलं होतं."

"सर, मोठ्यानं बोला! कोणी?"

"आमच्या बायकोनं!" काका ओरडले. रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. "आमच्या बायकोनं सांगितलं होतं! पहिलं देवाचं असतं, ते उपटायचं नाही! ती दोरा बांधायची त्याला! लाल दोरा! म्हणून नाही उपटलं!"

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं, लाइन तुटली.

"दर वर्षी, सर?"

"दर वर्षी!"

"दोऱ्याची झाडं होय," कदमांचा आवाज आला. "सर, आम्हा पोरांना वाटायचं ती रोगाची खूण आहे. म्हणून कुणी हात लावायचो नाही."

"बरं केलंत!" काका ओरडले. "लिहून घ्या! कारण, झाड राखून ठेवले! एवढंच लिहा!"

ते बाहेर आले तेव्हा रांगेतल्या माणसांनी उगाच इकडेतिकडे बघितलं. ती नागपूरची मुलगी रुमालानं चष्मा पुसत होती. काका तिला म्हणाले, "जा, आई वाट बघत असेल." आणि चालायला लागले.

वाटेत तेच आपणहून बोलायला लागले.

"लग्न होऊन आली तेव्हा त्या माळावर काही नव्हतं. शेजार नाही, देऊळ नाही. हिच्या माहेरी पहिला आंबा, पहिलं कणीस देवापुढं ठेवत. मी म्हटलं, आपल्याकडे देव नाही. तर म्हणाली, मग देवापुढं ठेवू नका, नुसतं राहू द्या. सगळं उपटून मोजलंच पाहिजे का?"

"पण काका, तुमचं सगळं म्हणणंच लवकर फुलण्यावर होतं. नेमकी तीच झाडं सोडलीत?"

"शास्त्राच्या दृष्टीनं मूर्खपणाच तो. सगळ्यात मोलाचं झाड तेच. ती झाडं असती आकड्यांत, तर समितीला तेव्हाच पटलं असतं कदाचित." त्यांनी चपलेतला खडा झटकला. "ती पंचवीस वर्षं उन्हात बसून माझ्या शेंगा मोजायची, कॉम्प्युटर. मागितलं तर हे एवढंच."

मी त्या रात्री शून्यं काढून निकाल पुन्हा छापला. संबंध सुलटा आला. फार ठळक नव्हता, पण होता. काकांनी यावेळी शेवटचं पान बाजूला ठेवलं आणि आधी आकड्यांची पानं घेऊन बसले, एकेक ओळ वहीशी ताडत. दोन दिवस लागले. मग म्हणाले, "आहे. जास्त नाही, पण आहे." बुटकीला त्या वर्षी तीन ओळी मिळाल्या.

ताडताना माझ्याही लक्षात एक गोष्ट आली होती. शेवटच्या पाच वर्षांच्या वह्यांतही तोच कोरा रकाना होता आणि 'दोरा' लिहिलेलं होतं. वह्या बांधून ट्रंकेत ठेवताना मला राहवलं नाही.

"काका, काकू गेल्यानंतरची पाच वर्षं. तेव्हा कोण होतं बघायला? तेव्हा तरी उपटायचीत ती झाडं."

काकांनी ट्रंकेची कडी लावली. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी बघितलंही नाही.

"चालू प्रयोगाची पद्धत मध्येच बदलत नसतात," ते म्हणाले.

मग त्यांना एकदम आठवलं, की गच्चीवरच्या डब्यांची माती भुसभुशीत करायची राहिली आहे, आणि ते खुरपं घेऊन वर निघून गेले. मी खालीच बसून राहिलो. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि ते त्यांच्या घरात शोभलं नसतं.

काकांना जाऊन आता खूप वर्षं झाली. ती सोसायटी पाडून तिथं उंच इमारत झाली. मी खराडीला काम करतो, तिथंच अकराव्या मजल्यावर राहतो. ऑफिसात नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी सांगतो, रिकाम्या जागी शून्य टाकू नका, आधी विचारा रिकामी का आहे. ती वहीत लिहून घेतात.

घरी बाल्कनीत रंगाचे चार डबे आहेत. बी कदमांनी पाठवलेलं, बुटकीचं. दर वर्षी पहिलं पिवळं फूल दिसलं की मी लाल दोरा बांधतो. माझी बायको पहिल्या वर्षी फार हसली होती. "तू देव कधीपासून मानायला लागलास?" म्हणाली. मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली, बूथसकट. तिनं ऐकून घेतली आणि पुन्हा त्यावर कधी काही बोलली नाही. यंदा मला ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं. परत आलो तो बॅग टाकून आधी बाल्कनीत गेलो. एका झाडाला फूल आलं होतं, आणि दोरा आधीच बांधलेला होता.